चालू आहे का?

गेल्या रविवारी दुपारी मी माझ्या गाणी ऐकायच्या जुन्या यंत्रावरची, म्हणजे डॅकवरची, चिकटपट्टी काढत बसलो होतो. त्याच्या तोंडावर एक निळा दिवा आहे. आणला त्याच आठवड्यात मी त्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवली होती. का, ते ज्यांच्या घरी असली यंत्रं आहेत त्यांना सांगायला नको. दिवे घालवून गाणं ऐकायला बसावं आणि शेल्फवरून कुणीतरी निळा डोळा वटारून बघत राहावं! सहा वर्षांत पट्टी कडेने सुकून उचलली होती, पण मधला गोंद काही सुटेना. नखाने खरवडला, खोडरबराने घासला, शेवटी कापसावर तेलाचे दोन थेंब घेऊन तो हळूहळू गोळा केला. डॅक चालूच होता. गोंद निघाला आणि दिवा सरळ डोळ्यांत घुसला.

विकायचा का, तर नवा आला म्हणून. नवा का आला, याचं उत्तर मी बायकोला तीन वेळा तीन तऱ्हेने दिलं आहे आणि तिन्ही वेळा तिने नुसतं 'बरं' म्हटलं आहे.

आता डॅक म्हणजे तरी काय, आकड्यांचा आवाज करून देणारी डबी. कॉम्प्युटरमधून सेकंदाला ४४,१०० आकडे निघतात, डाव्या कानाचे वेगळे, उजव्याचे वेगळे. डबी त्यांची विजेची लाट करते आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या स्वाधीन करते. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा हा आकडा ठरून आला होता. प्रत्येक आकड्याला उभं राहायला ६५,५३६ पायऱ्या. पुढे चोवीस बिटांची रेकॉर्डिंग आली आणि पायऱ्या झाल्या १ कोटी ६७ लाखांच्या वर. जुन्या डबीला त्याही झेपत होत्या. कान मात्र मधल्या काळात सहा वर्षांनी म्हातारे झालेले.

जाहिरात लिहायला बसलो. किती जुना, सोबत काय काय, वरच्या पत्र्यावर मागच्या कोपऱ्यात एक ओरखडा आहे, हे सगळं भराभर झालं. ओरखड्याचा फोटोसुद्धा काढला, अगदी उजेडात धरून, जेणेकरून माझा प्रामाणिकपणा कुणाच्या नजरेतून सुटू नये. मग 'आवाज :' असं लिहिलं आणि अडलो. सहा वर्षं रोज ऐकलेल्या गोष्टीबद्दल मला एक वाक्य सुचेना. या शौकातली माणसं कसं लिहितात ते मला पाठ आहे. आवाज उबदार आहे, मोकळा आहे, गायिका समोर येऊन बसते, आणि सगळ्यात लाडकं म्हणजे 'जणू एक पडदा बाजूला सरला'. मी या शौकात पडल्यापासून चार वेळा यंत्रं बदलली आणि चारही वेळा पडदा सरला. मुळात गायिका किती पडद्यांआड बसली होती कोण जाणे. शेवटी लिहिलं, 'आवाज : चांगला.' ते वाचून मलाच घ्यावासा वाटेना.

म्हणून चिपची गोष्ट जोडली. आतली चिप असाही कासेई मायक्रोडिव्हायसेस या जपानी कंपनीची आहे. त्यांच्या नोबेओकाच्या कारखान्याला ऑक्टोबर २०२० मध्ये आग लागली, ती विझायला काही दिवस लागले आणि जगभरच्या डॅक करणाऱ्यांची तोंडं पडली. चिप मिळेना म्हणून काहींना आहे ते मॉडेल थांबवून दुसऱ्या कंपनीच्या चिपवर नव्याने आखणी करावी लागली. माझा डॅक आगीच्या आधीचा. 'आगीच्या आधीचा' हे शब्द लिहिताना मला उगाचच भारदस्त वाटलं, जणू एखाद्या घराण्यातली वस्तूच काढतोय. मग खोडले. आगीमुळे माझ्या डॅकच्या आवाजात काय फरक पडणार होता?

खोक्याबद्दल मात्र मी मोकळेपणाने लिहिलं, 'मूळ खोक्यासकट'. हा माझ्या आयुष्यातला एक जुना वाद आहे. मी खोकी टाकत नाही. माळ्यावर आमच्या घरात आलेल्या प्रत्येक विजेच्या वस्तूचं खोकं आहे, त्यातल्या निम्म्या वस्तू आता हयात नाहीत. पण डॅकचं खोकं खाली आलं, आत थर्माकोल जसाच्या तसा, 'खाऊ नये' असं बजावणारी पुडी, वायरीला बांधायची ती काळी पिळाची तारसुद्धा, तेव्हा मी ते मुद्दाम जेवणाच्या टेबलावर ठेवलं. दिवसभर. कुणी काही बोललं नाही.

तासाभरात निरोप यायला लागले. सेकंडहँड वस्तू विकणाऱ्याला मनुष्यस्वभाव नव्याने शिकायला मिळतो असं म्हणतात. मला तर एकच प्रश्न शिकायला मिळाला. 'चालू आहे का?' बारा जणांनी विचारलं. जाहिरातीच्या पहिल्या ओळीत 'उत्तम चालू स्थितीत' असं लिहिलं होतं. आधी वाटलं, लोक वाचत नाहीत. मग लक्षात आलं, वाचतात, पण तोंडाने ऐकायचं असतं. मीसुद्धा विचारलं असतंच. त्यानंतरचा प्रश्न 'लास्ट किती?' आणि त्यानंतर शांतता.

मधल्या दोन दिवसांत मला वेगळाच किडा चावला. विकण्याआधी एकदा नव्या-जुन्याची नीट तुलना करून बघावी. नीट म्हणजे कसं, तर नव्याचा आउटपुट जुन्यापेक्षा किंचित जास्त आहे, आणि आवाज किंचित मोठा झाला की कानाला तो मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. तेव्हा टेस्ट टोन लावला, स्पीकरच्या तारांवर मल्टिमीटर धरला आणि दोन्हींचा आवाज सारखा करून घेतला. लेकीला अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे बसवलं. मी डोळे मिटून ऐकायचं, तिने वाटेल तेव्हा बटण फिरवायचं, मी 'नवा' किंवा 'जुना' म्हणायचं, तिने वहीत टिपायचं. पहिली काही उत्तरं मी छातीठोक दिली. मग जरा थांबत, विचार करत. एका ठिकाणी तर मी तिला समजावून सांगितलं की बघ, हा नवा, इथे तबल्याची चाट कशी सुटी ऐकू येते. वीस झाल्यावर वही मागितली. ती म्हणाली, "बाबा, नऊनंतर मी बदललंच नाही. कंटाळा आला." बरं, त्या नवांत किती बरोबर आले ते मी इथे लिहीत नाही.

गिऱ्हाईक ठरलं, दुसऱ्या दिवशी येणार होतं. रात्री शेवटचं म्हणून जुन्यावर काहीतरी लावावं असं वाटलं, आणि हात गेला त्या फाइलकडे. तिला माझ्या कॉम्प्युटरवर नाव आहे 'काका टेप १'.

आमच्या लहानपणी घरातला टेपरेकॉर्डर काकांच्या ताब्यात. रेडिओवर गाणं लागलं की काका तो उचलून रेडिओसमोर ठेवायचे, दोन बटणं एकदम दाबायचे आणि ओठांवर बोट ठेवून घरभर नजर फिरवायचे. नजर फिरली की माणसं होती तिथे थिजायची. माझं काम खिडकीतून चक्रं फिरताहेत का ते बघायचं. त्या दिवशी अर्ध्या गाण्यात, मुखडा संपून पेटी सुरू झाली तिथे, काकांना शंका आली आणि त्यांनी अगदी हळू, स्वतःच केलेला नियम मोडून विचारलं, "चालू आहे का रे?" मी मान हलवली. टेपने मात्र प्रश्न उचलला. पुढे वर्षानुवर्षं ते गाणं आमच्याकडे त्या प्रश्नासकट वाजलं. आजही मूळ गाणं कुठे लागलं, आणि हल्ली ते स्वच्छ करून, घासूनपुसून मिळतं, की पेटीपाशी माझा कान थबकतो. प्रश्न येत नाही. गाण्यात काहीतरी गाळलं आहे असं वाटतं.

त्यात टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा पुढे सैल पडला. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकायला हवी, आमची रमतगमत निघायची. गाणं सावकाश झालं, गायिका जरा घोगरी, आणि काका चांगले भारदस्त. मी काकांना ज्या आवाजात आठवत आलो, तो आवाज त्या सैल पट्ट्याचा. काही वर्षांपूर्वी धड चालणारा कॅसेट-डेक मिळवून ती कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली तेव्हा मी चपापलो. स्पीकरमधून एक पातळ, तिशीतल्या पोरसवदा माणसाचा आवाज आला, "चालू आहे का रे?" मी डेकचा वेग तपासला. वेग बरोबर होता. काका तसेच होते.

तर त्या रात्री ते एकदा ऐकलं आणि डॅक खोक्यात घातला. वायरीला काळी तार पिळली.

सकाळी गिऱ्हाईक आलं. कोवळा मुलगा, पाठीला सॅक, हातात स्वतःचे हेडफोन पिशवीत जपून आणलेले. माणूस बरा वाटला. खोकं बघून त्याचा चेहरा असा उजळला की मी आत बायकोकडे एक नजर टाकलीच. बसला, डॅक दोन्ही हातांनी उचलून मागची भोकं बघितली, ओरखड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "काका, चालू आहे ना?"

चालू आहे म्हटलं, जोडून दिला. त्याने स्वतःचं काहीतरी लावलं, धडधडणारं, आणि डोळे मिटले. चाट सुटी ऐकू येते का, हे मी विचारलं नाही. निळा दिवा त्याच्या हनुवटीवर पडला होता. मी म्हणालो, रात्री हा फार डोळ्यांवर येतो, पट्टी लावून टाक. तो म्हणाला, "नाही काका, मस्त दिसतो."

तो गेल्यावर संध्याकाळी मी नव्या डॅकवर 'काका टेप १' लावली. नव्यावर ती कधी ऐकलीच नव्हती. मुखडा झाला, पेटी सुरू झाली, काकांनी विचारलं. आणि त्यानंतर, पेटीच्या पहिल्या फुंकेच्या खाली, कुणीतरी 'हं' म्हणालं.

मी मागे नेऊन पुन्हा लावलं. 'हं.' अगदी बारीक, पण आहे. मी नव्हे, मी मान हलवली होती, बोललो असतो तर काकांनी कान पिळला असता. खोलीत आणखी कोण होतं ते काही केल्या आठवेना. बायकोला बोलावलं, तिला ऐकू आलं नाही. लेकीला बोलावलं, ती म्हणाली असेल काहीतरी, टेपची खरखर असेल.

हे नव्यामुळे ऐकू आलं की आज मी तेवढा कान देऊन बसलो म्हणून, ते कळायला जुन्यावर एकदा लावून बघायला हवं होतं. त्या मुलाला फोन करून विचारावं असं एकदा मनात आलं. पण विचारणार काय?