दोनी भाकड हाईत, आता काय लिवू?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मावसभाऊ एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं शिक्षण, करतोय, त्याला प्रोजेक्ट मिळाला कोल्हापूरकडच्या करवीर आणि पन्हाळा तालुक्यातल्या छोट्या दूधवाल्यांचा, म्हणजे ज्यांच्या दारात दोन-चारच जनावरं आहेत अशांचा. घरात कॉम्प्युटरवाला मी एकटाच, त्यामुळं "दादा फॉर्म तेवढा करून दे की, तुला काय अर्ध्या तासाचं काम" म्हणून त्यानं ते माझ्या गळ्यात मारलं, आणि मी पण गंगावेशीत दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा ग्लास संपवता संपवता हो म्हणून बसलो.

अर्ध्या तासात खरंच केला. गूगल फॉर्म, बावीस प्रश्न, सगळ्यांना लाल स्टार, म्हणजे उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. दिसायला एकदम झकास.

पहिल्या दिवशी मी पण बरोबर गेलो. पन्हाळ्याच्या पायथ्याचं गाव, एक मावशी गोठा झाडत होत्या, भाऊ मोबाइल घेऊन उभा. म्हशी किती? दोन. रोज किती लिटर दूध घालता? मावशी थांबल्या, खराटा भिंतीला लावला आणि म्हणाल्या, "आरं बाळा, दोनी भाकड हाईत न्हवं, मग आता काय लिवू?" भाकड म्हणजे दूध आटलेल्या. भावानं माझ्याकडं बघितलं. प्रश्न सोडता येत नव्हता, म्हणून शून्य टाकलं. पुढं फॅट किती लागतं? शून्य. मागच्या बिलाला किती दर मिळाला? शून्य. मावशी हसायला लागल्या, म्हणाल्या तुमचा मोबाइल पण भाकड हाय व्हय?

त्या शून्यांचा त्रास नंतर कळला. चाळीसेक फॉर्म झाल्यावर एक्सेलमध्ये सरासरी काढली तर दर इतका कमी दिसायला लागला की भाऊ रिपोर्टमध्ये "शेतकऱ्यांची लूट" असं हेडिंग टाकायच्या बेतात होता. लूट वगैरे काही नाही, मावशींची शून्यं होती ती. ज्याला प्रश्न लागूच नाही त्याच्या खान्यात शून्य नको, रिकामं पाहिजे, आणि ते रिकामं "विचारलंच नाही" म्हणून आहे का "विचारलं पण सांगितलं नाही" म्हणून, हे पण वेगळं कळलं पाहिजे.

म्हणून मग उत्तर बघून रस्ता बदलणारा फॉर्म करायला बसलो. गूगल फॉर्ममध्ये ही सोय आहे, उत्तराप्रमाणे कुठल्या सेक्शनला जायचं ते सांगता येतं, पण एकच पर्याय निवडायचा प्रश्न असेल किंवा ड्रॉपडाउन असेल तरच, चेकबॉक्सला नाही. मी केलं काय, जनावर कुठलं? गाय, म्हैस, दोन्ही. म्हैस म्हटलं की म्हशीचा सेक्शन, गाय म्हटलं की गाईचा. टेस्ट केली, म्हैस दाबलं, म्हशीचे प्रश्न आले, खूश. पुढं बघितलंच नाही. म्हशीचा सेक्शन संपला की फॉर्म गपगुमान खालच्या सेक्शनला जातो, म्हणजे गाईच्या, कारण सेक्शनच्या शेवटी "इथनं कुठं" हे वेगळं सांगावं लागतं. ते सांगायला गेलो तर दुसरंच लफडं. फक्त म्हैसवाल्याला तिथनं शेवटाला धाडायचंय आणि दोन्हीवाल्याला गाईकडं, पण सेक्शनच्या शेवटी वाट एकच देता येते! रात्री साडेबारापर्यंत मी त्यात गोल गोल फिरत होतो. शेवटी सुचलं ते इतकं साधं होतं की स्वतःचीच लाज वाटली. "दोन्ही" हा पर्यायच काढून टाकायचा. आधी विचारायचं म्हैस आहे का, मग गाय आहे का, आणि गाईचा प्रश्न म्हशीच्या सेक्शनच्या शेवटी पण ठेवायचा. चार माणसांत बोलताना पण आपण असंच विचारतो की.

तेव्हापासून आधी कागद. पाठकोऱ्या कागदावर चौकोन काढायचे, बाण मारायचे, आणि प्रत्येक बाण शेवटापर्यंत जातो का ते बोटानं बघायचं. हो-नाहीचे दहा सुटे प्रश्न असले तर रस्ते होतात १०२४, सगळे कोण तपासणार, पण प्रत्येक फाट्यावर दोन्ही बाजूला एकदा तरी जाऊन यायचं. आणि फॉर्म भरून बघायला खोटी माणसं तयार करायची: भाकडवाल्या मावशी, काल म्हैस विकलेला माणूस, दूध संस्थेत न घालता घरोघरी रतीब घालणारा.

पप्पांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले यात नवीन काय. ते मास्तर होते, २०११ च्या जनगणनेला ड्यूटी होती. त्या फॉर्ममध्ये माणसामागं २९ प्रश्न, पण मुलं किती झाली हे फक्त लग्न झालेल्या बायकांनाच विचारायचं, त्यात विधवा, घटस्फोटित पण आल्या, आणि वर्षभरात काम केलं नसेल तर कामधंद्याचे पुढचे प्रश्न सोडायचे. कागद सगळ्यांना तोच, कुठं उडी मारायची ते मास्तरांच्या डोक्यात. आता ते डोकं फॉर्मच्या आत घालायचं, एवढंच.

पन्हाळ्याच्या वरच्या अंगाला रेंजची बोंब, त्यामुळं शेवटी कोबो नावाच्या सर्व्हेच्या सॉफ्टवेअरवर गेलो. त्यात फॉर्म एक्सेलमध्ये पण लिहिता येतो, एका ओळीत एक प्रश्न, आणि "रेलेव्हंट" नावाच्या कॉलममध्ये अट: दुभती शून्यापेक्षा जास्त असतील तरच हा प्रश्न दाखव. चेकबॉक्सवर पण अट चालते. फॉर्म मोबाइलमध्ये भरून ठेवायचा, रेंज आली की पाठवायचा. "कन्स्ट्रेंट" म्हणून अजून एक कॉलम असतो, त्यात दुभती जनावरं एकूण जनावरांपेक्षा जास्त टाकता येणार नाहीत असं बांधून ठेवलं. फॅटला पण वेगवेगळ्या मर्यादा, कारण दर ठरवताना म्हशीला ६.० टक्के फॅट आणि ९.० एसएनएफ (पाणी आणि फॅट सोडून दुधात जे उरतं ते), गाईला ३.५ आणि ८.५ असं धरतात, आणि घाईत पॉइंट राहिला की ३.५ चे ३५ होतात. पस्तीस फॅट लागलं असतं तर सगळा गाव मर्सिडीजमधनं दूध घालायला आला असता.

आता खरी मजा. आधीचं उत्तर पुढच्या प्रश्नात आपोआप घालायची सोय असते, नाव वगैरे टाकतात तसं. मला वाटलं भारी होईल, "तुमच्या अमुकचं दूध" असं लिहिलं आणि अमुकच्या जागी उत्तर. आलं काय? "तुमच्या म्हैसचं दूध." आणि "तुमच्या गायला पेंड कुठली घालता?" भाऊ म्हणाला दादा, हे मी त्या मावशींपुढं वाचून दाखवणार नाही, मला गावात परत जायचंय. इंग्रजीत शब्द उचलून कुठंही ठेवला तरी चालतो, आपल्याकडं म्हैसची म्हशी होते, गायची गाई होते, रेडकूचं रेडका होतं, मग पुढं चं, ला, ना काय ते. शाळेत सामान्यरूप शिकताना झोपलो होतो, ते इथं येऊन भेटलं. शेवटी एक वेगळा हिशोबाचा रकाना केला, उत्तर म्हैस असेल तर "म्हशी" धर, गाय असेल तर "गाई" धर, आणि प्रश्नात तो रकाना ओढला. जिथं ते पण जमेना तिथं सरळ वर जनावराचं नाव आणि खाली "रोजचं दूध किती?" तयार मराठी फॉर्ममध्ये "आपल्या कोल्हापूर मध्ये" असलं तुटकं जे दिसतं ना, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असणार.

पावसाळ्यात दुसऱ्या फेरीला गेलो तर त्याच मावशींकडं आधी. फॉर्म कसा सुरसुर चालला. म्हशी दोन, दुभती एक, भाकड एक. भाकडीचे प्रश्न वेगळे आले, वैरणीचा खर्च, गाभण आहे का. मी मनातल्या मनात नाद खुळा म्हणत होतो. मग दुभतीचा प्रश्न आला, रोज किती लिटर दूध संस्थेत घालता?

"आरं परवा तर व्यालीया," मावशी म्हणाल्या, "आजून चीक निघतोय. चीक कुणी डेरीत घालतंय व्हय?"

भावानं परत माझ्याकडं बघितलं. मावशी आत गेल्या आणि ताटलीत खरवस घेऊन आल्या, गुळाचा, वेलदोडा घातलेला. तो खात खात मी मोबाइलमध्ये नोंद केली: व्यायला किती दिवस झाले, हा प्रश्न लिटरच्या आधी टाकणे.