गुळवेल एप्रिलमध्येच निष्पर्ण, आता भिस्त वाघाटीवर

सोलापुरातल्या आमच्या कबड्डीच्या पत्र्याच्या शेडला दुपारनंतरचं ऊन लागू नये म्हणून पश्चिमेकडच्या जाळीवर गुळवेल चढवली होती. गणपतीच्या वेळी काढलेल्या फोटोत ती जाळी खालपासून पत्र्यापर्यंत हिरवीगार होती. काल संध्याकाळी त्याच जागी उभी राहिले तर जाळीवर नुसत्या सुतळ्या लोंबकळत होत्या. पान एकही नाही.

बार्शीच्या मित्रानं तेव्हाच बजावलं होतं की कोरड्या दिवसांत गुळवेल पान टाकते. मला वाटलं, पाणी दिलं तर धरून ठेवील. फेब्रुवारीपासून आठवड्यातून दोनदा ठिबक सोडलं. पानं तरीही पिवळी पडून गळाली, आणि वर एक नवंच दुखणं लागलं. त्या पाण्यानं काळी माती फुगली आणि प्लिंथलगतच्या (शेडच्या जोत्यालगतच्या) फरशांची एक ओळ बोटभर उचलली गेली. शेड बांधताना त्या पट्ट्यात मुरूम भरून घ्या म्हणून मी दोनदा सांगितलं होतं. काळ्या रानात बांधकामाशेजारी झाडं लावणाऱ्यांनी निदान एवढं तरी आधी करून घ्यावं.

साडेचारला तापमान मोजायची गन लावून पत्रा आतून मोजला. वेलीमागे ५६ अंश, शेजारच्या उघड्या पत्र्यावर ५७. ऑक्टोबरात हाच फरक अकरा अंशांचा होता. कोच म्हणाले, "ताई, सहाच्या आत बॅच घेता येईना. भिंतीकडच्या मॅटवर पोरं टेकतच नाहीत." त्यांचं खरं आहे. सावली हवी मार्च ते जून, आणि आपल्या माळावरची बरीच झाडं नेमकी तेव्हाच उघडी असतात. स्थानिक झाड निवडताना मी पाणी पाहिलं, माती पाहिली, उंची पाहिली, पण ते पान कधी टाकतं हे इमारतीच्या नकाशाशेजारी ठेवून पाहिलं नाही. चूक तिथं झाली.

म्हणून वाघाटी. आषाढी द्वादशीला जिची भाजी करतात तीच. सदाहरित, काटक, आणि जाळीवर चढायला तिचे आकडेच पुरे. सप्टेंबरात मोहोळकडच्या एका बांधावरून पिकलेली लाल फळं आणली आणि त्याच दिवशी बी लावलं. वीसपैकी सात उगवली. आज सातही वीतभर आहेत आणि या उन्हात पानं टिकवून आहेत! दोन रोपांवर पायोनियर फुलपाखराच्या अळ्या दिसल्या. पानं खाऊन टाकतायत, तरी मी काढल्या नाहीत. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते मिळालं.

अडचणी दोन. वाघाटी सावकाश वाढते, जाळी भरायला तीन वर्षं तरी धरून चाललेय. आणि काटे उलटे, वाकडे, पोरांच्या टी-शर्टात अडकणारे. जाळीची फ्रेम भिंतीपासून दोन फुटांवर आहे, त्या फटीत कुणी शिरत नाही, पण बाहेरून पोरं जातात. तेव्हा खाली साडेचार फुटांपर्यंत वाघाटीच्या फांद्या छाटत राहायचं आणि बाहेरून तरवडाची रांग धरायची. तरवडाला काटा नाही, जनावर तोंड लावत नाही, फुलं जवळजवळ वर्षभर.

हे लिहिताना डिसेंबरची वही काढली आणि दुसरी चूक सापडली. तेव्हा बांबू रोवून साडेचारच्या सावल्या आखल्या होत्या आणि त्यावरून कडुनिंब नैर्ऋत्येला लावला. पण मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य माध्यान्हीला बरोबर डोक्यावर येतो आणि पुढं जुलैअखेरपर्यंत उत्तरेकडून जातो. त्या दिवसांत साडेचारला तो पश्चिमेच्या साधारण दहा अंश उत्तरेला असतो, डिसेंबरात तीसेक अंश दक्षिणेला. म्हणजे माझा कडुनिंब हिवाळ्यात सावली देणार, जेव्हा ती कुणालाच नको. तो राहू दे. नवा करंज शेडच्या पश्चिमेला, जरा उत्तरेकडे सरकवून, प्लिंथपासून पाच मीटरवर. मेमध्ये साडेचारला सावली उंचीच्या दीडपट पडते, त्यामुळे पाच मीटरचं झाड झालं तरी भिंतीचा खालचा भाग झाकेल. करंजाला चैत्रात नवी पालवी येते आणि मेमध्ये तो गच्च असतो. खड्डा आत्ताच घेऊन तापवायचा, रोप जूनच्या पावसानंतर.

त्या जागी आधी शमी लावायची होती. नर्सरीनं शमी म्हणून दिलेली तिन्ही रोपं वेडी बाभूळ निघाली. शमीचे काटे बारीक आणि पेरांच्या मधल्या भागावर विखुरलेले असतात, वेडीचे पेरावर, म्हणजे पान फुटतं तिथं, जोडीनं येतात. घेताना फांदी हातात धरून बघा, लेबलवर जाऊ नका. मी आता रोपं विकत घेणं जवळपास बंद केलंय, बी गोळा करते.

ट्रॅकच्या कडेचं गवत थोडक्यात: नान्नजच्या माळढोक अभयारण्यातल्या माळासारखं करायच्या नादात कुसळी पेरली आणि पोरांचे मोजे कुसळांनी भरले. ती उपटून मारवेल लावलाय, बरा चाललाय.

राहिला यंदाचा उन्हाळा. हिरवं नेट आणायला निघाले होते, ते आता रद्द. रस्त्यात एका वस्तीवर तुराट्यांचा कूड दिसला आणि तिथंच थांबले. आपल्याकडे तूर भरपूर, तुराट्या बांधावर पडून असतात. कडबा नको, महाग पडतो आणि शेळ्या ठेवणार नाहीत. तुराट्यांच्या सहा बाय तीन फुटांच्या ताट्या बांधून त्याच फ्रेमवर तारेनं अडकवायच्या, विजेच्या बोर्डाकडची बाजू मोकळी ठेवून. जूनमध्ये गुळवेल फुटली की ताट्या उतरवून खतात टाकायच्या, पुढच्या मार्चला नव्या. मग गुळवेल काढायचीही गरज नाही. पावसाळा-हिवाळा तिचा, उन्हाळा तुराट्यांचा, आणि तोवर खालून वाघाटी चढतेय.

शनिवारी तुराट्यांची ट्रॉली येतेय. पहिली ताटी लागली की साडेचारला पुन्हा गन लावते आणि आकडे टाकते. कुणाकडे पाच वर्षांपुढची वाघाटी पश्चिमेच्या उन्हात असेल तर तिचा मेमधला फोटो नक्की दाखवा.