सोशल गेमचा धंदा: गर्दी किती, यापेक्षा टिकतात किती

'फार्मव्हिल' जून २००९ मध्ये फेसबुकवर आला. २०१० च्या सुरुवातीला महिन्याला आठ कोटींहून जास्त लोक त्यात शेती करत होते. या गर्दीचं सगळं श्रेय गेमला दिलं जातं, पण त्यातला मोठा वाटा फेसबुकच्या फुकट नोटिफिकेशनचा होता. ते कसं, हे एका काल्पनिक गेमच्या हिशेबातून पाहू.

जाहिरात देऊन एक खेळाडू आणायला १ डॉलर लागतो. तो सरासरी १२ दिवस खेळतो आणि दिवसाला ५ सेंट मिळतात. (बहुतेक जण छदामही देत नाहीत, ही सरासरी त्यांना धरूनच.) म्हणजे मिळकत ६० सेंट आणि तोटा ४०. पण प्रत्येकाने नोटिफिकेशनमधून ५ मित्रांना बोलावलं आणि त्यातले १० टक्के आले, तर के-फॅक्टर (एका खेळाडूमागे फुकट येणारे नवे खेळाडू) ०.५. एकामागे अर्धा, अर्ध्यामागे पाव असं करत एका डॉलरमध्ये दोन खेळाडू पडतात. माणशी खर्च ५० सेंट, सुटले १०.

मार्च २०१० मध्ये फेसबुकने अ‍ॅप्सची नोटिफिकेशन बंद केली. आपल्या गेमचा के-फॅक्टर त्यामुळे ०.१ वर आला असं धरा, की माणशी खर्च ९० सेंट. जुलै २०११ पासून गेममधल्या खरेदीसाठी फेसबुक क्रेडिट्स (फेसबुकचं स्वतःचं आभासी चलन) सक्तीचे झाले, त्यात फेसबुकचा वाटा ३० टक्के. ६० सेंटचे हातात उरले ४२. गेममध्ये एक ओळ न बदलता १० सेंटचा नफा ४८ सेंटच्या तोट्यात गेला.

जागा दुसऱ्याची असली की भाडं तोच ठरवणार. तुमच्या हातात उरतात ते खेळाडू टिकण्याचे दिवस. वरच्या हिशेबात नुसती तोंडमिळवणी व्हायला १२ ऐवजी २६ दिवस हवेत.

हे दिवस वाढवणं फार कठीण. 'फार्मव्हिल'मधली स्ट्रॉबेरी ४ तासांत तयार व्हायची आणि वेळेत काढली नाही तर वाळून जायची. याने माणूस परत येतो खरा, पण काही आठवड्यांत त्याची हजेरी लावल्यासारखी गत होते, आणि एकदा पीक वाळलं की तो कायमचा सुटतो. 'ड्रॉ समथिंग' या चित्र काढून जोडीदाराला शब्द ओळखायला लावणाऱ्या गेमचं दुखणं वेगळं. त्यात जोडीदाराने खेळणं सोडलं की तुमचाही डाव अडतो, त्यामुळे गळती जोडीने होते. शिवाय शब्द पुन्हा पुन्हा तेच. 'फार्मव्हिल' बनवणाऱ्या झिंगाने मार्च २०१२ मध्ये साधारण १८ कोटी डॉलर मोजून तो बनवणारी कंपनी घेतली आणि जून २०१३ मध्ये तिला कुलूप लावलं.

'कँडी क्रश सागा'ने मित्रांवरची भिस्त मर्यादित ठेवली. मित्र 'लाइफ' पाठवतात, पण ते नसले तरी थांबून एकट्याने खेळता येतं. नव्या लेव्हल येत राहतात. एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकवर आलेला हा गेम त्याच नोव्हेंबरात मोबाइलवर गेला. 'फार्मव्हिल'चा मूळ गेम मात्र फ्लॅश या ब्राउझरमधल्या जुन्या तंत्रावरच राहिला आणि फ्लॅशबरोबर ३१ डिसेंबर २०२० ला बंद पडला.

महिन्याच्या खेळाडूंच्या आकड्याला भुलू नका. जाहिरातीवर पैसा ओतला की तो फुगतोच, खालून गळती चालू असली तरी. एकाच आठवड्यात आलेल्यांचा गट वेगळा काढा आणि पहिल्या, सातव्या, तिसाव्या दिवशी त्यातले किती परतले ते मोजा. पहिल्याच दिवशी मोठी घसरण असेल तर सुरुवातीची शिकवणी लांबली आहे किंवा गेम उघडायलाच वेळ लागतोय. सातव्यापर्यंत ठीक आणि तिसाव्याला शुकशुकाट असेल, तर बहुधा करण्यासारखं काही उरलेलं नाही. अशा वेळी जाहिरात थांबवा, आधी लेव्हल लिहा.