कवितेच्या शेवटी उरलेले सैनिक

लता मंगेशकरांच्या आवाजातले 'वेडात मराठे वीर दौडले सात' लहानपणापासून इतक्या वेळा कानांवर पडले आहे की, ते निखळ वीररसाचे गाणे आहे याविषयी मला कधी शंकाच आली नव्हती. अलीकडे कुसुमाग्रजांची ही कविता, इंग्रज कवी टेनिसनची बॅलाक्लाव्हाच्या हल्ल्यावरची कविता आणि पहिल्या महायुद्धात लढलेल्या विल्फ्रेड ओवेन या इंग्रज कवीच्या दोन कविता एकापाठोपाठ वाचल्या आणि ही समजूत डळमळीत झाली.

टेनिसन आणि कुसुमाग्रज यांचा विषय जवळजवळ एकच आहे. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियातील युद्धात बॅलाक्लाव्हा येथे चुकीच्या हुकुमामुळे ब्रिटिश घोडदळ थेट रशियन तोफांच्या तोंडी गेले. १६७४ च्या फेब्रुवारीत नेसरीच्या खिंडीत शिवाजी महाराजांचे सेनापती प्रतापराव गुजर मोजक्या साथीदारांसह आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. टेनिसनच्या स्वारांच्या उजवीकडे तोफा, डावीकडे तोफा, समोरही तोफा. कुसुमाग्रजांकडे 'खालून आग, वर आग, आग बाजूंनी'. तिकडे सारे जग थक्क होते, इकडे मागे राहिलेली सेना 'आश्चर्यमुग्ध' होते. साम्य मात्र इथेच संपते. कुणाची तरी चूक झाली हे टेनिसन सांगतो, पण ती कुणाची हे विचारणे सैनिकाचे काम नव्हे असे म्हणून तो पुढे जातो आणि शेवटी वाचकाला त्या सहाशे स्वारांचा सन्मान करण्याची आज्ञा देतो. वर्तमानपत्रातील वृत्तांत वाचून, घरी बसून लिहिलेल्या कवितेला हा स्वर सहज साधतो, असे मला वाटते.

कुसुमाग्रजांच्या सेनापतीला असा आडोसा नाही. रणात पाठ दाखवण्याची चूक त्याची स्वतःची आहे, महाराजांच्या पत्रातले एकेक कठोर अक्षर त्याला जाळते आहे आणि त्याच्या डोळ्यांच्या कडा ओलावल्या आहेत. शिवाय कवीने पहिलाच शब्द 'वेडात' असा योजला आहे. या धावण्याला शहाणपण म्हणण्याचा मोह त्याने टाळला, हे मला फार मोलाचे वाटते.

ओवेन मात्र खंदकातून आलेला कवी. मानसिक आघातावरील उपचारांसाठी १९१७ मध्ये तो एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात होता आणि तिथेच त्याने विषारी वायूच्या हल्ल्याची कविता लिहिली. मुखवटा चढवायला एका सैनिकाला क्षणभर उशीर होतो. मुखवट्याच्या धूसर काचेतून, हिरव्या समुद्राच्या तळाशी बुडत असावा तसा तो कवीला दिसतो. मग त्याला गाडीत फेकले जाते आणि प्रत्येक धक्क्यासरशी त्याच्या फुप्फुसांतून फेसाळ रक्त घशाशी येते. देशासाठी मरणे गोड असते, हे रोमन कवी होरेसचे वचन मुलांना शिकवणाऱ्यांना ओवेन हे दृश्य दाखवतो. ते वाचल्यावर टेनिसनकडे परत जाणे मला जमले नाही. कुसुमाग्रजांकडे मात्र गेले, आणि त्याचे कारण ओवेनची दुसरी कविता.

गुराढोरांसारख्या मरणाऱ्या तरुणांसाठी तिथे चर्चच्या घंटा वाजत नाहीत. बंदुकांचा खडखडाट आणि तोफगोळ्यांचे आक्रंदन हीच त्यांची प्रार्थना. शेवटच्या ओळीत रोजच्या संथ संधिकाळी खिडक्यांचे पडदे खाली ओढले जातात. घरात कुणी गेले की इंग्लंडमध्ये पडदे असे ओढून घेत. कवितेत शेवटी एवढेच उरते.

कुसुमाग्रजांच्या अखेरच्या कडव्यातही विजय नाही, सन्मानाची मागणी नाही. सातांपैकी एकाचेही नाव नाही. दगडांवर टाचांच्या खुणा आहेत, ओढ्याच्या पाण्यात रक्ताचा रंग आहे, क्षितिजावर मातीचा मेघ आहे आणि वाऱ्यावर कुणीतरी विराणी गाते आहे. पोवाडा नव्हे, विराणी! हा शब्द मी इतकी वर्षे चालीच्या वेगात ऐकलाच नव्हता. आता ते गाणे लागले की हातातले काम बाजूला ठेवून मी त्या कडव्याची वाट पाहते.