तुम्ही विचारलंत म्हणून : ताडपत्रीखाली काय होतं?

कस्टममध्ये नोकरी झाली हे कळलं की नागपुरात मला एकच प्रश्न येतो. आमच्या खामल्यातले शेजारी तो सरळच विचारतात, "काहून सोडलं जी तुम्ही लोकांनी? सोन्याचं बिस्कीट बरोब्बर सापडते तुम्हाले, अन् बंदुका, आरडीएक्स नाही सापडत?" ३० जुलै २०१५ ला मुंबईच्या १९९३ च्या बॉम्बस्फोटांसाठी याकूब मेमनला इथल्या मध्यवर्ती कारागृहात फाशी झाली, त्या सकाळपासून हे विचारणं वाढलं. वर्धा रोडवरचा बंदोबस्त पाहून आलेला माणूस मलाच जाब विचारायचा. दर वेळी मी काहीतरी सांगून सुटलो. आज सगळं लिहितो.

आधी नेहमीचं उत्तर, कारण ते खोटं नाही. सोनं प्रवाशाच्या अंगावर नाहीतर बॅगेत येतं, आणि तो प्रवासी आमच्या समोरून चालत जातो. हत्यार मालाच्या पोटात येतं, सुटे भाग करून, भलत्याच नावाखाली. नागपूरच्या कंटेनर डेपोत रेल्वेने सीलबंद कंटेनर येतात. सगळे रिकामे करून पाहायचे म्हटलं तर बुटीबोरी-हिंगण्याचे कारखाने कच्च्या मालावाचून बंद पडतील. म्हणून २००५ पासून कोणता माल उघडायचा ते जोखीम बघून संगणक सुचवतो. शिवाय पहारेकरी आम्ही एकटेच नाही. डिसेंबर १९९५ मध्ये बंगालमधल्या पुरुलियावर एके-४७ टाकणारं विमान त्याआधी वाराणसीला उतरून, इंधन भरून गेलं होतं. त्याचा जाब कुणाकुणाला विचारणार?

इथपर्यंत मी जोरात बोलतो. मग कोणीतरी १९९३ म्हणतं आणि माझा आवाज उतरतो. जानेवारीत रायगडच्या किनाऱ्यावर दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला हत्यारं-स्फोटकांचा माल उतरला, तिथे संगणकही नव्हता आणि कंटेनरही नव्हते. तिथे पैसे घेतले गेले. आमच्या खात्याचे अधिकारी कोर्टात दोषी ठरले. पोलिसांनी गोंडघर फाट्यावर गाड्या अडवल्या आणि लाचेची रक्कम मिळेपर्यंत चांदीच्या विटा तारण ठेवून घेऊन सोडून दिल्या. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली.

मी त्यात नव्हतो. त्याच्या आधीच माझी बदली झाली होती. तुम्ही इथेच थांबता, मला पुढे जायचंय.

१९९१. पाऊस नुकताच सरला होता, होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या होत्या. कोकणातल्या एका नाक्यावर मी नवा इन्स्पेक्टर. गाव सांगत नाही, साहेबांचं नावही नाही, ते आता हयात नाहीत. रात्री अडीचच्या सुमारास पेंढ्याने भरलेला एक टेम्पो आला. ड्रायव्हर खाली न उतरता साहेबांकडेच बघत राहिला. मी मागे गेलो, दोरी सैल केली, ताडपत्रीचा कोपरा उचलला. वर पेंढा, त्याखाली गोणपाट, त्यात काहीतरी चौकोनी. हात घालणार एवढ्यात साहेब मागून म्हणाले, "अरे, चांदी आहे. जाऊ दे." आवाजात धमकी नव्हती. पोराला जेवायला बोलवावं तसं बोलले.

मी ताडपत्री सोडली. दोरीही मीच पुन्हा आवळली.

टेम्पो वळणावर गेला तेव्हा कंदिलाच्या उजेडात त्याचे मागचे स्प्रिंगचे पाटे दिसले. चांदीची एक वीट तीस किलोच्या वर भरते. चांदी भरलेली गाडी पाट्यांवर बसते, खड्ड्यात गेली की दणका ऐकू येतो. या टेम्पोचे पाटे तेवढे दबलेले नव्हते. उड्या मारत गेला तो. मला दिसलं, मला कळलं, आणि मी काहीही बोललो नाही. कापड असेल. व्हीसीआर असतील, तेव्हा तेही यायचे. काहीही असेल. सकाळी रजिस्टरात मी 'निरंक' लिहिलं.

पैसे मी घेतले नाहीत. पाकीट पुढे आलं होतं, मी नको म्हटलं आणि त्या नको म्हणण्याचा मला कितीतरी वर्षं अभिमान होता. अठ्ठावीस वर्षांचा तो मी अजूनही माझ्याशी भांडतो. म्हणतो, चांदीने कोण मरतं? सरकारचा कर बुडतो, एवढंच. पुढे सरकारनेच सोनं-चांदी शुल्क भरून आणायला मोकळीक दिली, मग तेव्हा मी कुणाशी वैर घेऊन काय मिळवलं असतं? साहेबांनी माझी बदली केली असती, दुसरा कोणी ताडपत्रीला हातही लावला नसता.

त्याचं हे सगळं बरोबर आहे. पण वाट तीच होती ना. किनाऱ्यावर माल उतरवून देणारे तेच लँडिंग एजंट, त्याच होड्या, तेच हमाल, पेंढ्याखाली तेच गोणपाट. किनाऱ्यावर वर्षानुवर्षं 'चांदी आहे' म्हटलं की गाडी सुटायची, ही सवय आम्ही लावली. जो हे म्हणत होता त्याला तरी आत काय आहे ते ठाऊक होतं का? मी तर पाहिलंच नाही.

यावर शेजारी म्हणतात, "तुम्ही तं पैसे नव्हते ना घेतले, मग कायले जिवाला लावून घेता?" माझी बायकोही तेच म्हणते. मला दोघांचाही राग येतो, आणि कोणी उलट म्हटलं, की तुम्हीसुद्धा त्यांच्यातलेच, तर त्याचाही येतो. दोन्ही बाजूंनी मला ऐकून घेता येत नाही.

निवृत्त व्हायच्या वर्षी डेपोत यंत्रांच्या सुट्या भागांची एक खेप आली. कागद चोख, आयातदार जुना, संगणक सोडा म्हणत होता. वजनात थोडा फरक वाटला म्हणून मी शंभर टक्के तपासणी लावली. दोन दिवस पेट्या फुटत होत्या. हाताखालची मुलं वैतागली, आयातदार फोनवर ओरडला, त्याचं भाडं वाढत होतं आणि त्याचं ओरडणं रास्त होतं. शेवटच्या पेटीपर्यंत बेअरिंगच निघाले. मी स्वतः खाली बसून एकेक हातात घेऊन पाहिला, आणि अहवालात पुन्हा 'निरंक' लिहिलं.