त म्हणजे तेरडा

आज गौरीसाठी तेरडा आणायला आईबरोबर माळावर गेले. भाचीही आली होती. तिला सध्या 'त'ची फुलं शोधायची हौस! अंगणातली तगर तिने निघतानाच यादीत घातली, देठ खुडून पांढरा चीकही बघितला. वाटेत पिवळाधमक तरवड लागला. आई म्हणाली, "याच्या सालीने पूर्वी कातडी कमवायचे." मला हे आजच कळलं.

पण माळ गुलाबी झाला होता तो तेरड्याने. पिकलेल्या बोंडाला भाचीने बोट लावलं, ते फट्कन फुटून बिया उडाल्या. मग ती तिथून हलेचना. आमच्याकडे तेरडा मुळांसकट आणतात, कारण ती मुळं म्हणजे गौरीची पावलं. आईने एकेक रोप इतक्या हलक्या हाताने उपटलं की बघताना माझा गळा दाटून आला.

परतताना भाची विचारते, "आजी, तामण कुठंय?" आपलं राज्यफूल! पण त्याचा जांभळा बहर उन्हाळ्यातला. वैशाखात मळ्याकडचं झाड दाखवायचं आईने कबूल केलंय. भाचीने आत्ताच दिवस मोजायला घेतलेत.