बंदीच्या महिन्यातले पापलेट

आई माळकरी असल्यामुळे आमच्या घरात मांसमच्छी शिजत नाही. ज्याला खायचे असेल त्याने बाहेर जाऊन खावे आणि परतल्यावर आंघोळ केल्याशिवाय देवघराकडे फिरकू नये, एवढाच तिचा नियम आहे. त्यामुळे गल्लीत घरोघरी मसाल्याचा वास दरवळू लागला, की आमच्या आखाडाची सोय हॉटेलात करावी लागते. यंदा त्यात पाहुण्याची भर पडली. माझी सासुरवाडी मालवणची. मेव्हण्याची तिथे स्वतःची मासेमारी नौका आहे आणि तो दरवर्षी याच दिवसांत छत्रपती संभाजीनगरला बहिणीकडे येतो, कारण १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. नौका वर ओढून शाकारून ठेवलेली असते आणि मालक मोकळा असतो. अशा माणसाला श्रावणाआधीच्या शेवटच्या रविवारी सी-फूडची पाटी लावलेल्या बारमध्ये जेवायला नेण्याची कल्पना माझीच होती, हे आधीच कबूल करतो.

खाली परमिट रूम आणि वर फॅमिली सेक्शन अशी नेहमीची रचना होती. भिंतीवर कोरे करकरीत जाळे ताणून बसवले होते आणि त्यात प्लॅस्टिकचे खेकडे अडकवले होते. मेव्हण्याने त्या जाळ्याचा एक आस, म्हणजे विणीतले एक भोक, दोन बोटांत धरून पाहिला आणि काही न बोलता सोडून दिला. जागा मिळायला पाऊण तास लागला. त्या रविवारी अर्धे शहर श्रावणाच्या आत उरकून घ्यायला बाहेर पडले होते, असे वाटावे इतकी गर्दी होती.

मेनूकार्डावर पापलेट, सुरमई, हलवा, रावस असा सगळा समुद्र हजर होता आणि पापलेटासमोर किमतीऐवजी ‘साइजप्रमाणे’ असे छापलेले होते. वेटरने आपल्या इथल्या दखनीत ग्वाही दिली, “एकदम ताजा है साब, सुबहीच बंबई से आया.” मुंबई आमच्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, थर्माकोलच्या खोक्यांत बर्फ भरून रात्री निघालेला माल सकाळी इथे पोचतो, हे एरवी खरेच आहे. पण मेव्हण्याने कार्ड मिटले आणि माझ्याकडे वळून हळूच विचारले, “भावोजी, आमच्यो होड्यो सगळ्यो वर काढलेल्यो आसत. मगे ह्यो मासो इलो खंयसून?”

बिगर-यांत्रिक छोट्या होड्यांना बंदी नसते, हेही त्यानेच सांगितले; मात्र भर पावसात किनारा धरून त्या जे काही आणतात, ते गावातच संपते. त्याने वेटरला कच्चा मासा दाखवण्याची विनंती केली. वेटरला ते रुचले नाही, पण कॅप्टन समजूतदार निघाला आणि स्टीलच्या ट्रेमध्ये दोन पापलेटे व सुरमईच्या चार तुकड्या घेऊन आला. मेव्हण्याने आधी पापलेटाचा कल्ला अंगठ्याने उचलला. आतला रंग लाल नव्हता, भिजलेल्या विटकरीसारखा होता. डोळे आत गेलेले आणि पांढुरके, पोटावर बोट दाबले तर खळगा तसाच राहिला. सुरमईच्या तुकडीला ना डोळा ना कल्ला, त्यामुळे ती ओळखता येत नाही असे मी आजवर समजत होतो. त्याने मधल्या काट्याला चिकटलेले रक्त दाखवले. ताज्या तुकडीत ते लाल असते, इथे ते चहाच्या गाळासारखे तपकिरी पडले होते. दुसरे पापलेट तर इतके लहान होते, की त्याने ते आपल्या बोटांनी मोजले. चंदेरी पापलेट राज्याने २०२३ मध्ये ‘राज्य मासा’ म्हणून जाहीर केले आहे आणि १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट पकडायचे नाही असा नियमही आहे; हे जेमतेम त्या मापाला टेकत होते. त्याला शिळेपणापेक्षा या लहानपणाचाच राग अधिक आला. एकदाही अंडी न घातलेला मासा काढला, तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय येणार, असे तो म्हणाला.

कॅप्टनने मग सरळ सांगितले, की पापलेट फ्रीजरमधले आहे आणि सुरमई हैदराबादमार्गे आंध्रच्या किनाऱ्यावरून येते. हे पटण्यासारखे होते, कारण पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. आपली बंदी चालू असताना तिकडच्या नौका समुद्रात गेलेल्या असतात. म्हणजे माल खोटा नव्हता, मुंबईचे नाव तेवढे खोटे होते. हैदराबादचे नाव घेतले असते तर आम्ही काही उठून गेलो नसतो.

शेवटी आम्ही कोळंबी मागवली. ती आंध्रच्या तळ्यांत वाढवलेली असते, त्यामुळे तिला कसली बंदी नाही. मसाला नेटका होता, कोळंबी जास्त शिजवून चिवट केलेली नव्हती. सोलकढी आमसुलाच्या तयार आगळाची होती आणि त्यात नारळ नावापुरता होता. माझी बायको कोकणातली, तिने एक घोट घेऊन वाटी माझ्याकडे सरकवली. गाडी मला चालवायची असल्यामुळे मी त्या सोलकढीवरच राहिलो. मेव्हण्याने एक बिअर घेतली. आमच्याकडे समुद्र नसला तरी बिअरचे कारखाने मात्र आहेत, हे मी त्याला थोड्या अभिमानाने सांगितले. मग २०१६ आठवले. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते आणि या कारखान्यांच्या पाण्यावरून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले होते. अभिमान तिथेच आवरला.

कार्डाच्या शेवटच्या पानावर, पापडाच्या वर, ‘सुकट फ्राय’ असे होते. ते दिसताच आम्ही दोघांनी एकदमच त्यावर बोट ठेवले. पावसाळ्यात कोकणात जवळा आणि सुके बोंबीलच खाल्ले जातात, हे त्याचे कारण. माझे कारण वेगळे. आमच्या गावच्या आठवडी बाजारात गोणपाटावर सुकटीचा ढीग मांडलेला असे आणि लहानपणी मला माहीत असलेला समुद्र एवढाच होता. आजी सुकट कोरड्याच तव्यावर भाजून सुपात पाखडायची, पायमिशांचा भुसा उडवायची आणि मग भरपूर कांदा, लाल तिखट आणि थोडे तेल घालून परतायची. इथल्या स्वयंपाक्यालाही पाखडणे ठाऊक असावे, कारण दाताखाली रेती आली नाही. ज्वारीची भाकरी गरम होती. आम्ही दुसरी प्लेट मागवली, आणि त्याची बहीण, जी या वासाला गेली बारा वर्षे घरात मुकली आहे, तिने तिसरी.

बिल दोन भागांत आले. जेवणावर ५ टक्के जीएसटी आणि बिअरवर १० टक्के व्हॅट, जो २०२३ पर्यंत ५ टक्के होता. सेवाशुल्काची एक ओळही होती. ते ऐच्छिक असते असे म्हटल्यावर कॅप्टनने ती निमूटपणे खोडली, आणि ट्रेचा प्रकार मनात असल्यामुळे आम्ही जवळपास तेवढीच रक्कम त्याच्या हातावर ठेवली.

घरी पोचेपर्यंत साडेअकरा झाले होते. आई जागीच होती. पाहुण्याने काय खाल्ले, असे तिने दारातूनच विचारले. सुकट, असे सांगितल्यावर वीस वर्षांपूर्वी माळ घातलेली माझी आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, “कांदा नीट घातला होता का रे? कंजूषपणा करतात हॉटेलवाले.” मग तिने आम्हाला न्हाणीघराकडे पिटाळले.